जुन्या स्टुडिओ टेपांचा डबा सापडलाय? फोक गायकाचे आउटटेक कसे वाचवायचे, ओळखायचे आणि लोकांपर्यंत न्यायचे

गिटार घेऊन स्वतःचीच गाणी गाणाऱ्या एखाद्या फोक गायकाच्या जुन्या स्टुडिओ टेपा सापडल्या की सगळ्यांना एकच घाई होते, कुठूनतरी मशीन आणा, टेप लावा, ऐकूया. माझं कळकळीचं सांगणं आहे की आज हे करू नका. पन्नास-साठ वर्षं पडून असलेली टेप एकदा नीट फिरेल याचीच खात्री नसते, मग दुसऱ्यांदा फिरेल याची कशी असणार, त्यामुळे ती ज्या दिवशी पहिल्यांदा फिरेल त्या दिवशी समोर रेकॉर्डिंग चालू असलं पाहिजे आणि मशीन, स्पीड, हेड (टेप वाचणारा भाग) सगळं आधीच तपासून झालेलं असलं पाहिजे. हा लेख त्या पहिल्या फेरीच्या आधी काय करायचं आणि नंतर काय करायचं याबद्दल आहे. टेपा घरच्यांना सापडल्या असोत, बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानात असोत किंवा एखाद्या छोट्या लेबलकडे असोत, क्रम तोच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आउटटेक म्हणजे अल्बममध्ये न गेलेलं रेकॉर्डिंग, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण फोकवाल्याचा आउटटेक वेगळा असतो, कारण हे लोक बहुतेक वेळा गिटार आणि आवाज एकत्रच, लाइव्ह रेकॉर्ड करतात. टेक म्हणजे गाणं रेकॉर्ड करण्याचा एक प्रयत्न, म्हणजे टेक तीन आणि टेक सात ही दोन वेगळी गायनं असतात, लय वेगळी, कडवी वेगळी, कधी कधी शब्दच वेगळे. बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' घ्या. जून १९६५ मध्ये दोन दिवस त्याचं रेकॉर्डिंग चाललं, पहिल्या दिवशी ते चक्क वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या चालीत वाजत होतं, आणि जो टेक जगाने ऐकला तो दुसऱ्या दिवशीचा चौथा, त्यानंतरही ते वाजवतच राहिले होते. हे सगळं आपल्याला कळतं कारण कुणीतरी रील फेकली नाहीत, आणि २०१५ मध्ये १८ सीडींच्या संचात अर्धवट तुटलेल्या टेकांसकट सगळं बाहेर आलं. गाणं कसं घडलं हे फक्त तिथेच दिसतं. म्हणून टेपेवरचं काहीही "हे काय कामाचं" म्हणून सोडायचं नाही, हा या लेखातला एकमेव हट्ट आहे असं समजा.

पायरी १: डब्याला हात लावायच्या आधी फोटो

डबा सापडला तसाच्या तसा फोटो काढा. मग प्रत्येक बॉक्सची सहाही बाजूंनी, झाकण उघडून आतली, आत कागद असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची. बॉक्स कुठल्या क्रमाने ठेवले होते हेही टिपून ठेवा, कारण एकाच सेशनच्या रीळा बऱ्याचदा शेजारी शेजारी राहिलेल्या असतात आणि ज्या बॉक्सवर काहीच लिहिलेलं नाही त्याची ओळख शेजाऱ्यावरून लागते. प्रत्येक बॉक्सला आणि प्रत्येक रिळेला स्वतंत्र नंबर द्या, दोघांना एकच नंबर नको. कारण बॉक्समध्ये त्याच बॉक्सची रीळ असेलच असं नाही. स्टुडिओत टेप महाग असायची, जुन्या रिळेवर नवीन रेकॉर्डिंग व्हायचं, बॉक्स अदलाबदल व्हायचे, आणि घाईत कुणीतरी चुकीच्या खोक्यात टाकून द्यायचं.

बॉक्सवरचं लिखाण सावकाश वाचा. तारीख, स्टुडिओचं नाव, इंजिनिअरची आद्याक्षरं, गाण्यांची नावं आणि टेकचे नंबर असतात. नावाने फसू नका, सेशनच्या दिवशी गाण्याला बऱ्याचदा तात्पुरतंच नाव असतं, पहिल्या ओळीवरून किंवा गिटारच्या ट्यूनिंगवरून दिलेलं. टेकपुढे एफएस असेल तर फॉल्स स्टार्ट, एलएफएस म्हणजे लाँग फॉल्स स्टार्ट, बीडी म्हणजे ब्रेकडाउन, एनजी म्हणजे नो गुड. नंबराभोवती गोल केलेला असेल तर तो सहसा त्या दिवशी निवडलेला टेक. प्रत्येक स्टुडिओची, कधी कधी प्रत्येक इंजिनिअरची लिहायची पद्धत वेगळी, त्यामुळे चार-पाच बॉक्स समोरासमोर ठेवूनच अर्थ लावा. आणि एनजी लिहिलंय म्हणून ती रीळ बाजूला टाकू नका. तो त्या दिवशीचा, त्या अल्बमपुरता निर्णय होता. गिटारची तार जराशी उतरली म्हणून एनजी झालेल्या टेकमध्ये गायक सगळ्यात मोकळा गायलेला असू शकतो.

पायरी २: टेप कशाची आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे

आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर टेप अ‍ॅसिटेटची आहे आणि तिचा पाया, म्हणजे खालची प्लास्टिकची पट्टी, सडायला लागलाय, तिला बाकीच्या टेपांपासून लगेच वेगळी ठेवा आणि यादीत सगळ्यात वर घ्या. वास नसेल तर रीळ कडेने उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट, नाही दिसला तर बहुतेक पॉलिएस्टर. अ‍ॅसिटेट ओढली गेली की कट्कन तुटते पण स्वच्छ तुटते, जोडता येते. पॉलिएस्टर ताणली जाते, आणि ताणलेली जागा परत पहिल्यासारखी होत नाही.

मग पाठ बघा. टेपेच्या मागच्या बाजूला काळा, मॅट थर असेल आणि टेप सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढची असेल तर चिकट होण्याचा मोठा धोका आहे. त्या काळातल्या काही टेपांचं, अँपेक्स ४०६ आणि ४५६ किंवा स्कॉच २२६ अशांचं, चुंबकीय कण धरून ठेवणारं बाइंडर हवेतली ओल शोषून घेतं आणि सुटायला लागतं. अशी टेप मशीनवर लावली की ती हेडला चिकटते, किंचाळते, थांबते, आणि हेडवर जो तपकिरी चिखल जमा होतो ते तुमचं गाणं असतं. यावर उपाय बेकिंग. साधारण ५४ अंश सेल्सिअसला काही तास, पाव इंची टेपेला आठेक तास, रुंद टेपेला जास्त, अगदी स्थिर तापमानात. त्यानंतर काही आठवडे टेप चालण्याजोगी राहते, तेवढ्यात ट्रान्सफर उरकायचं. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये हे करू नका, त्याचं तापमान वरखाली होत राहतं. आणि अ‍ॅसिटेट टेप कधीही, कुठल्याही परिस्थितीत बेक करायची नाही, ती वाकडीतिकडी होऊन कायमची जाते. साठच्या दशकातल्या टेपांना बेकिंगची गरज सहसा नसतेच, "जुनी टेप म्हणजे बेक" असं सरसकट कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडे टेप देऊ नका.

पांढरट किंवा करडी बुरशी दिसली तर तिथेच थांबा, बॉक्स पिशवीत बंद करा आणि जाणकाराकडे द्या, ती छातीत गेली तर त्रास होतो आणि मशीनमधून बाकीच्या टेपांनाही लागते. जुने जोडही, म्हणजे स्प्लाईस, बघून ठेवा. त्यांचा डिंक वाळून जोड सुटतो किंवा पाझरून शेजारच्या वेटोळ्याला चिकटतो. सुटलेला जोड त्याच जागी, स्प्लायसिंगच्याच टेपने परत लावायचा, साधी सेलोटेप चुकूनही नाही.

रिळांबरोबर कधी कधी धातूवर काळा थर दिलेल्या तबकड्याही निघतात, सेशननंतर गायकाला घरी ऐकायला कापून दिलेल्या. त्यांचा थर वाजवताना प्रत्येक वेळी झिजतो, वर पांढरी भुकटी आलेली असेल तर घरच्या प्लेअरवर ठेवूच नका.

पायरी ३: मशीन ठरवणं, किंवा मशीनवाल्याला प्रश्न विचारणं

घरी हौशी रील-टू-रील डेक असेल तर मोह आवरा. स्टुडिओची टेप बहुतेक वेळा १५ इंच प्रतिसेकंद म्हणजे ३८ सेंटिमीटरच्या स्पीडने चालते, काही साडेसात इंचाने, काही ३० इंचाने, आणि ट्रॅकची मांडणी वेगळी असते. पाव इंची टेपेवर पूर्ण रुंदीचा मोनो असेल किंवा दोन ट्रॅक, अर्ध्या इंचावर चार, एक इंचावर आठ, दोन इंचावर सोळा किंवा चोवीस. घरगुती डेकच्या पाव रुंदीच्या हेडवर पूर्ण रुंदीचा मोनो वाजतो खरा, पण टेपेवरचा बराचसा आवाज वाचलाच जात नाही आणि हिस, म्हणजे मागचा सूं आवाज, वाढतो.

म्हणून काम बाहेर देणार असाल तर हे प्रश्न आधी विचारा. माझ्या टेपेच्या मांडणीचंच हेड आहे का? इक्वलायझेशन, म्हणजे खर्ज आणि वरच्या सुरांचा तोल, एनएबी पद्धतीचं आहे की आयईसी हे कसं ठरवणार? अझिमथ, म्हणजे टेपेशी हेडचा कोन, प्रत्येक रिळेला नव्याने लावणार ना? टेपेच्या सुरुवातीला टोन, म्हणजे मशीन जुळवायचे ठरावीक सूर, असतील तर ते रेकॉर्ड करून देणार ना? साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बऱ्याच स्टुडिओत डॉल्बी ए, म्हणजे हिस कमी करणारं तंत्र, वापरलं जायचं, ते असेल तर डीकोड केलेली आणि न केलेली अशा दोन्ही फाइल देता येतील का? ज्याला या प्रश्नांचा कंटाळा येतो त्याला हे काम देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

अझिमथबद्दल दोन वाक्यं जास्त, कारण गिटारचा आवाज याच्यावरच अवलंबून असतो. हेडचा काटकोन जरा हलला की वरचे सूर, म्हणजे नखाने छेडलेल्या तारेची धार, श्वास, स-श-ष, हे सगळं मंद होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं जुनी टेप आहे, असंच असणार. तसं नसतं. दोन चॅनेल मोनोत एकत्र करून ऐकत ऐकत हेडचा स्क्रू किंचित फिरवला की एका जागी गिटार एकदम उजळते, तीच जागा. हे रिळेगणिक बदलतं, एकाच रिळेवर दोन स्टुडिओंचे तुकडे जोडलेले असतील तर जोडानंतरही बदलतं.

कॅसेट निघाली तर तिचीही चौकशी करा. १९७९ पासून चार ट्रॅकची कॅसेट मशीन आली, टीअ‍ॅक १४४ हे पहिलं, आणि गायकांनी घरी बसून त्यावर पुष्कळ डेमो केले. ती दुप्पट स्पीडने चालायची आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने. साध्या डेकवर लावली तर गाणं अर्ध्या वेगात, खर्जात ऐकू येतं आणि उरलेले दोन ट्रॅक दुसऱ्या बाजूला उलटे. तसं ऐकू आलं तर कॅसेट बिघडलेली नाही, मशीन चुकीचं आहे.

पायरी ४: ट्रान्सफर, एकदाच आणि शेवटपर्यंत

९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, ब्रॉडकास्ट वेव्ह फाइल. ध्वनिसंग्रहालयांमध्ये हाच शिरस्ता आहे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या खाली तर जाऊच नका. स्टिरीओ तासाला साधारण दोन जीबी होतात, म्हणजे जागेची काळजी करण्यासारखं काही नाही. मल्टिट्रॅक असेल तर सगळे ट्रॅक एकाच फेरीत, एकत्र. आवाजाची पातळी एकदा लावली की मध्ये हात लावायचा नाही, हिस काढायचा नाही, क्लिक काढायचे नाहीत, इक्यू, म्हणजे सुरांचा तोल बदलणं, नाही. ही फाइल म्हणजे टेपेची जशीच्या तशी नक्कल, सफाई नंतर तिच्या कॉपीवर.

बऱ्याच टेपा शेवट बाहेर ठेवून गुंडाळलेल्या असतात, म्हणजे ऐकण्याआधी त्या उलट गुंडाळाव्या लागतात. हे मुद्दाम केलेलं असतं. वेटोळी एकमेकांवर दाबून बसली की एका थराचा आवाज दुसऱ्यावर हलका उमटतो, आणि शेवट बाहेर असेल तर ती पुसट छाया मूळ आवाजाच्या नंतर येते, त्यामुळे झाकली जाते. सुरुवात बाहेर असेल तर गायकाने तोंड उघडायच्या आधीच त्याची ओळ भुतासारखी ऐकू येते. टेप हळू स्पीडने दोन-तीनदा पुढेमागे गुंडाळली की ही छाया थोडी कमी होते, अर्थात टेप ते सोसण्याइतकी धड असेल तरच.

आणि रीळ अगदी शेवटच्या इंचापर्यंत चालवा. शेवटचं गाणं संपलं, पाच मिनिटं शांतता आहे, तरीही. इंग्लिश फोक गायक निक ड्रेकच्या बाबतीत हेच घडलंय. जुलै १९७४ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग झालं, त्याच नोव्हेंबरात तो गेला, त्या सेशनची चार गाणी लोकांना माहीत होती आणि वर्षानुवर्षं तेवढीच आहेत असंच सगळे धरून चालले होते. मग २००४ च्या संग्रहाच्या तयारीत टेप पुढे चालू राहिली आणि पाचवं गाणं निघालं, 'टो द लाइन'. इतकी वर्षं ते त्याच रिळेवर होतं.

शांततेतही खूप काही असतं. नवा टेक आधीच्या टेकवर रेकॉर्ड केला आणि तो लवकर संपला तर त्याच्या मागून पुसल्या गेलेल्या जुन्या टेकची शेपटी ऐकू येते, अर्धं कडवं, शेवटचा झंकार. ते त्या गायनाचं उरलेलं एकमेव चिन्ह असू शकतं. शेवटी रीळ उलटून दुसऱ्या दिशेनेही काही आहे का ते बघा, घरी केलेल्या टेपांवर हमखास असतं.

पायरी ५: स्पीड आणि पट्टी

ही पायरी सगळ्यात जास्त लोक सोडतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मशीन बरोबर १५ इंचाने चालतंय म्हणजे टेप १५ इंचानेच रेकॉर्ड झाली होती असं नाही. त्या दिवशीचं मशीन किंचित हळू असेल तर आज गाणं किंचित वेगात वाजेल, पट्टी चढेल, गायकाचा आवाज बारीक आणि कोवळा होईल. फरक छोटा असतो म्हणून पटकन कळत नाही, फक्त "याचा आवाज इथे जरा वेगळा वाटतोय ना" असं वाटत राहतं.

लोक म्हणतात गिटार ४४० हर्ट्झच्या ए या प्रमाण स्वराशी जुळवून घ्या. एकटा बसून गाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे चालत नाही. तो कानाने गिटार लावतो, उघड्या ट्यूनिंग, म्हणजे तारांची वेगळी जुळवणी, वापरतो, कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, कुठल्याही फ्रेटवर लावतो, तारा अर्धा सेमीटोन उतरवलेल्या असू शकतात. त्याच्या गिटारवरून टेपेचा स्पीड ठरवणं म्हणजे अंदाजावर अंदाज.

त्याऐवजी वीज ऐका. स्टुडिओतल्या वायरिंगचा, अँपचा बारीक घूं आवाज, म्हणजे हम, बहुतेक टेपांवर असतो आणि तो तिथल्या मेन्सच्या, म्हणजे विजेच्या पुरवठ्याच्या, फ्रिक्वेन्सीचा असतो, ब्रिटन-युरोपात ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेचा दहा-वीस सेकंदांचा तुकडा घ्या, स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर लावा, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सी रेघांनी दाखवणारा प्रोग्रॅम, खालच्या टोकाला एक बारीक रेघ दिसेल. समजा लंडनचं रेकॉर्डिंग आहे आणि रेघ ५१.५ वर आहे. म्हणजे तीन टक्के जास्त वेग, म्हणजे जवळपास अर्धा सेमीटोन, आणि चार मिनिटांचं गाणं सात सेकंदांनी आखडलंय. फाइल तेवढी हळू करा आणि परत ऐका, आवाज छातीतून यायला लागतो. पण सांभाळून, तुमच्या प्लेबॅक मशीनचाही स्वतःचा हम असतो आणि तो नेमका ५० वर किंवा ६० वर असेल, त्यामुळे दोन रेघा दिसल्या तर जी नेमकी बसलेली आहे ती तुमची, जी सरकलेली आहे ती टेपेची. खालची रेघ अंधुक असेल तर तिच्या पटीतल्या रेघा बघा, १००, १५०, तिथे फरकही मोठा दिसतो. मेन्सची फ्रिक्वेन्सी त्या काळी थोडी इकडेतिकडे व्हायची, म्हणून एकाच टेकवर विसंबू नका, रिळेच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीन ठिकाणी मोजा. दुरुस्ती नेहमी कॉपीवर, आणि किती टक्के केली ते लिहून ठेवा.

पायरी ६: लॉग लिहिणं

आता ऐका. बंद हेडफोन, समोर वही किंवा स्प्रेडशीट, आणि पहिल्या ऐकण्यात गाण्यात रमायचं नाही असं ठरवून बसा, जे खूप कठीण आहे कारण आवाज ओळखीचा असतो आणि गाणं नवं असतं.

प्रत्येक घडामोडीची वेळ टाका. टॉकबॅकवर, म्हणजे कंट्रोल रूममधल्या माइकवर, इंजिनिअरने गाण्याचं नाव आणि टेक नंबर सांगितला का, नेमके कुठले शब्द. गिटारवर कॅपो कुठे, ते सांगता येत नसेल तर निदान पट्टी. किती मोजून सुरू केलं. कुठे थांबला आणि का थांबला, शब्द विसरला, तार वाजली नाही, हसला, खोकला, बाहेरून आवाज आला. थांबल्यावर काय बोलला. मशीन बंद-चालू झाल्याची खूण म्हणजे एक छोटासा "व्हूप" असा सूर घसरण्याचा आवाज, त्याचीही वेळ टाका, कारण त्यावरून कळतं की दोन टेकांच्या मध्ये टेप थांबवली होती की सलग गायलाय. सलग गायलेले तीन टेक आणि जेवून येऊन गायलेला चौथा, हे वेगळं प्रकरण आहे.

शब्दांचा वेगळा कॉलम करा. प्रत्येक टेकचे शब्द पूर्ण उतरवा, "अल्बमसारखेच" असं लिहून पुढे जाऊ नका. टेक दोनमध्ये कडव्यात "ती" आहे आणि टेक पाचमध्ये "तू" झालंय, एवढ्या एका बदलाने गाणं कुणाबद्दल होतं ते कुणाला उद्देशून झालं हे कळतं, आणि ते नेमकं कुठल्या टेकला झालं हे कळणं म्हणजे गायकाच्या डोक्यात डोकावणं आहे. ऐकू न आलेल्या शब्दाच्या जागी रिकामी जागा सोडा, अंदाजाने भरू नका. एकदा छापलं की तेच शब्द कायमचे चिकटतात.

मग प्रश्न येतो की हे खरंच आउटटेक आहे की अल्बमचाच टेक, फक्त मिक्स वेगळा. दोन्ही फाइल ऑडिओ प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक ठेवा, पहिला झंकार जुळवा आणि डाव्या कानात एक, उजव्यात दुसरी अशी ऐका. वेगळा टेक असेल तर काही ओळींतच गिटारी फाटे फुटतात. तोच टेक असेल तर त्या हळूहळू सरकत राहतात पण वाजवणं तेच, बोट तारेवरून सरकल्याचा आवाज त्याच जागी. आणि गिटार तीच पण आवाज वेगळा असंही निघतं, म्हणजे गाणं नंतर परत गायलंय, तेव्हा तुमच्याकडे मूळ गायन आहे. ते लाखमोलाचं.

पायरी ७: तारीख आणि माणसं

बॉक्सवरची तारीख, टेपेचा ब्रँड, स्टुडिओची डायरी, वादकांना पैसे दिल्याचे कागद, अमेरिकेत असेल तर वादक संघटनेचे सेशन कॉन्ट्रॅक्ट, या सगळ्यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तरच तारीख पक्की म्हणा. एकच असेल तर "बॉक्सवर असं लिहिलंय" एवढंच म्हणा.

हयात असलेल्यांना भेटा, पण आधी लॉग तयार करा आणि मग त्यांना ऐकवा. नुसतं विचारलं तर माणसं वर्षानुवर्षं सांगितलेली गोष्टच परत सांगतात, टेप ऐकवली की एकदम वेगळंच आठवतं. खुद्द कलाकाराच्या आठवणीवरही सगळं सोडू नका. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने 'नेब्रास्का' हा १९८२ चा अल्बम घरी चार ट्रॅकच्या कॅसेटवर केला, त्यातल्या गाण्यांची बँडसोबतची रेकॉर्डिंग्ज आहेत का यावर चाहते कायम वाद घालायचे, २०२५ मध्ये त्याने स्वतःच आधी तसं काही नाही असं सांगितलं, मग व्हॉल्टमध्ये, म्हणजे त्याच्या टेपांच्या कोठारात, बघितलं तर होती, आणि त्याच वर्षी ती प्रसिद्ध झाली. तेव्हा गायक "नाही" म्हणाला तरी कपाट उघडून बघा.

मित्रांची कपाटंही. सेशननंतर ऐकायला म्हणून कॉपी करून दिलेली रीळ मूळ रिळेपेक्षा जास्त टिकते, कारण ती कुणीतरी प्रेमाने ठेवलेली असते. निक ड्रेकच्या पहिल्या स्टुडिओ सेशनचं, मार्च १९६८ चं, रेकॉर्डिंग २०२५ मध्ये बाहेर आलं ते गायिका बेव्हर्ली मार्टिनने कित्येक वर्षं जपून ठेवलेल्या रिळेमुळे.

पायरी ८: हक्क

टेप तुमच्या हातात आहे म्हणजे गाणं तुमचं नाही. तीन वेगळ्या गोष्टी आहेत: टेप ही वस्तू, तिच्यावरचं रेकॉर्डिंग, आणि गाण्याचे शब्द-चाल. तिघांचे मालक वेगळे असू शकतात, शिवाय साथ करणाऱ्या वादकांचे हक्क. सेशनचे पैसे लेबलने दिले असतील तर रेकॉर्डिंग बहुतेक लेबलचं, मग ते प्रसिद्ध होवो वा न होवो. करार शोधा, वारसांशी बोला, आणि लेखी परवानगी मिळेपर्यंत एक मिनिटाची क्लिपसुद्धा इंटरनेटवर टाकू नका.

मुदतीचा घोळ अप्रकाशित टेपांना जास्त लागतो. युरोपात २०११ च्या निर्देशानुसार, प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगला ७० वर्षं संरक्षण मिळतं, पण पन्नास वर्षांत प्रसिद्ध न झालेलं असेल तर ते पन्नासालाच संपतं. म्हणूनच २०१२ च्या शेवटी डिलनचे पन्नास वर्षांपूर्वीचे आउटटेक युरोपात फक्त शंभरेक प्रतींत काढले गेले, मुदत वाढावी हा उद्देश त्यांनी नावातच लिहिला होता. अमेरिकेत उलटं, १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधी केलेलं पण कधीच प्रसिद्ध न झालेलं रेकॉर्डिंग १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षित आहे. म्हणजे एकच टेप एका देशात मोकळी आणि दुसऱ्यात बंद असू शकते, इथे वकील लागतोच.

पायरी ९: काय बाहेर काढायचं आणि कसं

सगळं जतन करा, पण सगळं प्रसिद्ध करायलाच हवं असं नाही. गायक हयात असेल तर शब्द त्याचा. नसेल तर बघा की त्याने स्वतः काय ठेवलं, कुणाला ऐकवलं, कशावर फुली मारली. टेकांच्या मधलं बोलणं ठेवायला मला आवडतं, त्यातून माणूस कळतो, पण एखाद्याच्या घरातली गोष्ट, आजारपण, कुणाबद्दल रागात बोललेलं असेल तर ते संग्रहात राहू दे, अल्बमवर नको.

नवीन वाद्यं जोडू नका. अर्धवट गाणं अर्धवट राहू दे. दोन टेकांचे तुकडे जोडून एक "परफेक्ट" टेक बनवला तर तो कधीच गायला गेला नव्हता, आणि तसं केलंच तर माहितीपत्रकात स्पष्ट लिहा. सफाई करताना हिस थोडा राहू द्या. नॉइज रिडक्शन जास्त झालं की सगळ्यात आधी श्वास जातो, मग तार विझत जातानाचा शेवटचा भाग, आणि खोलीचा आवाज गेला की गायक कुठेच बसलेला नाही असं वाटायला लागतं. क्लिक, जोडावरचा ठोका, जोराचा हम हे काढा, बाकी हात आखडता. प्रत्येक ट्रॅकखाली तारीख, टेक नंबर, कुठल्या रिळेवरून, स्पीडची दुरुस्ती किती, हे छापा. ऐकणारे ते वाचतात.

पायरी १०: ठेवणं

मूळ फाइलींचे चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारे आकडे, काढा, तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, एक तरी दुसऱ्या गावात. वर्षातून एकदा चेकसम परत तपासा. फोटो, लॉग, परवानगीची पत्रं त्याच फोल्डरमध्ये, नाहीतर वीस वर्षांनी फाइलचं नाव बघून कुणालाच काही कळणार नाही.

मूळ टेप फेकू नका, डिजिटल झाली तरी. उद्या यापेक्षा चांगलं हेड, चांगली पद्धत येईल. ट्रान्सफर झाल्यावर टेप फास्ट-फॉरवर्डने नाही तर वाजवायच्या स्पीडनेच पूर्ण चालवून, शेवट बाहेर ठेवून गुंडाळा, टोकाला नवीन लीडर, म्हणजे आवाज नसलेली कोरी पट्टी, लावा, बॉक्स पुस्तकासारखा उभा ठेवा, थंड आणि कोरड्या जागी, स्पीकर आणि मोटरपासून लांब. जुना बॉक्स मोडकळीला आला असेल तर टेप नव्या बॉक्समध्ये घाला, पण जुना बॉक्सही त्याच नंबराने शेजारीच ठेवा, कारण त्यावरचं पेन्सिलीचं लिखाण फोटोत अर्धंच येतं.